किनारी रस्ता उचलायचा, हलवायचा, की पाण्याखाली जाऊ द्यायचा?

किनारा_आराखडा (धागाकर्ता)

नमस्कार. ९ वस्त्या आणि साधारण ३०,००० लोकसंख्या असलेल्या एका किनारी पट्ट्यासाठी रस्ते आणि वस्तीचा ५० वर्षांचा आराखडा करायचा आहे. सगळ्या उंच्या सरासरी समुद्रपातळीपासून:

उधाणाची भरती १.६ मी. वादळी फुगवट्यासह (वादळाने किनाऱ्यावर चढणारं पाणी धरून, लाटा सोडून) १० वर्षांतून एकदा येणारी पातळी २.७ मी, १०० वर्षांतून एकदा येणारी ३.० मी. किनारी रस्त्याचा ३.२ किमीचा तुकडा सखल आहे, माथा २.४ मी. त्यातल्या २ किमीच्या मागे खाजण आहे. उरलेल्या १.२ किमीच्या मागे ४० हेक्टरची खोलगट वस्ती आहे, तिथली जमीन १.८ ते २.३ मी. भरावाखालून ७ मोऱ्या जातात. खाडीवर जुना पूल आहे: २० मीटरचे १२ गाळे (दोन खांबांमधले भाग), सुटे गर्डर (भार पेलणाऱ्या तुळया), गर्डरची खालची कड ४.१ मी. पर्यायी वाट डोंगरातून. ती ११ किमी लांबची आणि एकेरी आहे.

सध्याचा प्रस्ताव असा की पूर्ण ३.२ किमी रस्ता दीड मीटर उचलून ३.९ मीटरवर न्यायचा. हे पुरेल का? की मुळातच चुकीच्या दिशेने विचार चाललाय? लोकांना बाहेर काढायला किती वेळ लागेल, तो हिशेबही मांडायचा आहे.

---

भरतीमापक

३.९ वर चर्चा करण्याआधी हे सगळे आकडे एकाच शून्यापासून मोजलेत का ते तपासा. भरती-ओहोटीच्या तक्त्यांचं शून्य बहुधा नीचतम ओहोटीच्या आसपास असतं. रस्त्याचं सर्वेक्षण जमिनीवरच्या बेंचमार्कवरून (उंची ठरलेल्या खुणेवरून) होतं. ड्रोन किंवा उपग्रह-स्थाननिश्चितीतून येणारी उंची तर पृथ्वीच्या गणिती पृष्ठापासूनची असते. यातली मोठी चूक लगेच दिसते, कारण रस्ता थेट आकाशात किंवा पाताळात जातो. घात करते ती २०–३० सेंमीची चूक. ती कुणाला दिसत नाही, आणि तुमच्याकडे १० वर्षांची आणि १०० वर्षांची पातळी यांत अंतर आहेच मुळी ३० सेंमी. उपाय साधा आहे: भरतीमापकाच्या पट्टीपासून रस्त्याच्या बेंचमार्कपर्यंत लेव्हल मशीनने जाऊन परत या आणि दोन्ही फेऱ्या जुळवा.

जागतिक उपग्रह-नकाशांवरून पूरक्षेत्र काढलं असेल तर ते बाजूला ठेवा. त्यांतले जुने नमुने झाडांचे शेंडे आणि छपरं यांनाच जमीन धरतात, त्यामुळे सखल भाग मीटर-दोन मीटर उंच दिसतो. विमानातून केलेलं लेझर सर्वेक्षण १०–१५ सेंमीपर्यंत अचूक मिळतं, तेच वापरा.

आता समुद्राची वाढ. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या) सहाव्या अहवालानुसार (२०२१) २००६ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी वर्षाला ३.७ मिमीने वाढली. १९९५–२०१४ च्या तुलनेत २१०० पर्यंतची संभाव्य वाढ सर्वांत कमी उत्सर्जनात ०.२८ ते ०.५५ मी आणि सर्वांत जास्त उत्सर्जनात ०.६३ ते १.०१ मी. हिमस्तर अपेक्षेपेक्षा लवकर ढासळले तर त्याहूनही जास्त. यात स्थानिक जमीन खचणं धरलेलं नाही. गाळाच्या जमिनीवर, विशेषतः भूजलाचा उपसा असेल तिथे, खचण्याचा वेग समुद्राच्या वाढीपेक्षा जास्त असू शकतो. जकार्ताच्या काही भागांत तो वर्षाला १० सेंमीपेक्षा जास्त नोंदला गेला आहे. तेव्हा बेंचमार्कसुद्धा खचतोय का, तेही बघा.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट. वादळी पातळ्यांचं वितरण गंबेल पद्धतीचं (विरळ, टोकाच्या घटनांसाठी वापरतात ते) धरलं तर तुमच्या दोन पातळ्यांतलं ०.३ मीटर अंतर म्हणजे वारंवारतेत दहापट फरक. समुद्र ०.३ मीटर वर आला की आजची १०० वर्षांची पातळी १० वर्षांची होते. आज वर्षाला साधारण एकदा २.४ मीटरचा माथा ओलांडला जात असेल, तर तेव्हा दहा वेळा ओलांडला जाईल. ‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांना भुलू नका. ५० वर्षांत ती पातळी निदान एकदा तरी येण्याची शक्यता ३९.५ टक्के असते.

लाटांचं गणित वेगळं करा. उथळ पाण्यात लाट खोलीच्या साधारण ०.७८ पट होईपर्यंत उभी राहते, मग फुटते. भरावाच्या पायाशी जमीन १.० मी धरली तर ३.० च्या पातळीला खोली २ मी, लाट १.५६ मी. समुद्र ०.४ ने वाढला की खोली २.४ आणि लाट १.८७. पिचिंगच्या (उतारावरच्या दगडी अस्तराच्या) दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात लागतं, म्हणजे १.७३ पट. माथा उचलला आणि दगड तेच ठेवले, तर भराव उंच होतो आणि आधी कोसळतो. हे फार वेळा होतं, कारण माथ्याची पातळी एक जण ठरवतो आणि दगडाचं वजन जुन्या नकाशावरून उचललं जातं.

शेवटचं, सगळ्याला एकच समुद्रपातळी लावू नका. डांबरी थर १५–२० वर्षं टिकतो, भराव ५०, नवा पूल १००. ज्याचं जितकं आयुष्य, त्याला तितक्या पुढची पातळी.

---

उघाडी_आणि_मोरी

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण माझा आक्षेप प्रस्तावावरच आहे. ३.२ किमी रस्ता दीड मीटर उचलला की तो रस्ता उरत नाही, धरण होतं. मग प्रश्न उरतो मागच्या ४० हेक्टरांतलं पावसाचं पाणी जाणार कुठून?

गणित करूनच बघा. मोऱ्यांच्या तोंडावर झडप बसवली आणि आतली पातळी १.२ मीटरपर्यंत ठेवायची असं ठरवलं, तर समुद्र १.२ च्या वर असेल तेवढा वेळ झडप बंद. १.६ मीटरच्या उधाणाला आज हा वेळ सुमारे २ तास ५० मिनिटं आहे. समुद्र ०.४ ने वाढला की ४ तास १० मिनिटं. आणि आजच्याच समुद्रात १०० वर्षांची वादळी पातळी आली तर ६ तास ४० मिनिटं, फुगवटा तेवढा वेळ टिकला असं धरून. तेवढ्या वेळात १५० मिमी पाऊस आणि ०.७ वाहगुणक (पावसातला वाहून येणारा हिस्सा) धरला तर ४२,००० घनमीटर पाणी आत साठतं.

१.२ हेक्टरचं, १ मीटर उपयुक्त खोलीचं साठवण तळं ठेवलंत तर १२,००० घनमीटर तिथे मावेल. उरलेले ३०,००० पंपाने काढायला सरासरी १.२४ घनमीटर प्रतिसेकंद लागतात. म्हणून ०.६५ चे दोन नाही, तीन पंप: एक बंद पडला तरी दोघांवर भागतं. सरासरीवर समाधान मानू नका. पावसाचा जोर बहुधा मधल्या दोन-तीन तासांत असतो, त्यामुळे तासागणिक आवक-जावक मांडून तळ्याचा आकार पक्का करा.

आता यात लाटांचं उडून आत येणारं पाणी मिळवा. माथ्यावरून सेकंदाला मीटरमागे फक्त १ लिटर येऊ दिलं तर १.२ किमीवरून १.२ घनमीटर प्रतिसेकंद झालं. म्हणजे अख्ख्या पंपघराची क्षमता त्यातच संपली! माथा आणि पंप हे दोन स्वतंत्र ठेके म्हणून काढले जातात तिथे हीच चूक होते. माणसं आणि वाहनं यांच्या दृष्टीनेही बघा. युरोपातल्या २००७ च्या मार्गदर्शिकेतल्या मर्यादांनुसार सावध पादचाऱ्यासाठी मीटरमागे सेकंदाला ०.१ लिटर, वेगाने जाणाऱ्या वाहनासाठी ०.०१ ते ०.०५ लिटर, आणि सावकाश चालणाऱ्या वाहनासाठी १० ते ५० लिटर. वादळात रस्ता चालू ठेवायचा असेल तर वेगमर्यादा हीसुद्धा संरचनेचाच भाग आहे.

माझं मत: रस्त्याचे दोन भाग करा.

वस्तीसमोरचे १.२ किमी बांध म्हणून बांधा. बांध म्हणजे त्याची दोन्ही टोकं उंच जमिनीला टेकली पाहिजेत. नुसते १.२ किमी उचलून टोकं मोकळी सोडलीत तर पाणी वळसा घालून मागून येईल आणि बांधामुळेच परत जाणार नाही. २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या सेंदाईजवळच्या महामार्गाच्या उंच भरावाने पाणी अडवलं, लोक त्यावर चढून वाचले, पण भरावाखालच्या भुयारी वाटांतून पाणी पलीकडे गेलंच. बांधाला पाडलेलं प्रत्येक भोक, मग ती मोरी असो, केबलचा पाइप असो की बोटी उतरवायचा उतार, खांड समजूनच त्याचा आराखडा करा.

खाजणासमोरचे २ किमी उचलू नका. त्यांना बुडू द्या, पण वाहून जाऊ देऊ नका. ३.० च्या पातळीला माथ्यावर ०.६ मीटर पाणी असेल. पलीकडे रिकामं असेल तर मीटरमागे साधारण ०.८ घनमीटर प्रतिसेकंद ओघ जमिनीकडच्या उतारावरून कोसळेल. समुद्राकडची बाजू दगडांनी मढवलेली आणि जमिनीकडची उघडी, असे रस्ते नेमके मागून फुटतात. आधी साइडपट्टीची कड खचते, मग खाच मागे मागे सरकत डांबराखाली शिरते आणि पृष्ठभाग पत्र्यासारखा उचलला जातो. पाणी ओसरताना उलटा ओघ असतो, तेव्हा समुद्राकडची कड जाते. यावर करायच्या गोष्टी:

– जमिनीकडचा उतार १:४ किंवा त्याहून सपाट, त्यावर भूवस्त्र (माती धरून पाणी जाऊ देणारं कापड) आणि एकमेकांत गुंतणाऱ्या काँक्रीटच्या लाद्या किंवा दगडी गाद्या. पायथ्याशी पुरलेला दगडी पट्टा.
– या तुकड्यात काँक्रीटचा पृष्ठभाग, दोन्ही कडांना खाली उतरलेली काँक्रीटची पडदी.
– भरीव कठडा अजिबात नको. तो पाणी अडवतो, फुगवतो, आणि तुटतो तिथून सगळा ओघ एकवटतो. नुसते खांब लावा, त्यांवर खोलीच्या खुणा रंगवा. पाणी ओसरताना रस्त्याची कड कुठे आहे हेही त्यांवरून कळतं.
– मोऱ्या मोठ्या करा, म्हणजे खाजण आधीच भरेल. पलीकडे पाण्याची गादी तयार असली की पडणाऱ्या ओघाचा जोर मरतो.

शेवटचा मुद्दा फक्त खाजणाकडे लागू. वस्तीकडे मोठ्या मोऱ्या म्हणजे घरात पाणी. आणि खाजण आणि वस्ती यांच्या मध्ये आडवा बांध नसेल तर वरचं सगळं व्यर्थ. तो आधी तपासा, कारण प्रस्तावात त्याचा उल्लेखच नाही.

---

गर्डर_बेअरिंग

रस्त्यावर एवढं चाललंय, पण तुमचा सगळ्यात कच्चा दुवा पूल आहे. तुमच्याच आकड्यांवरून: स्थिर पाणी ३.० मी. खाडीत वादळात लाटेची ठळक उंची (सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी) १.० मी धरली तर सर्वांत मोठी लाट साधारण १.८ मी, आणि तिचा माथा स्थिर पाण्यापेक्षा तिच्या उंचीच्या ०.७ पट वर, म्हणजे ४.२६ मी. तुमच्या गर्डरची खालची कड ४.१. लाट आजच गर्डरला लागते. अमेरिकेत २००८ पासून किनारी पुलांसाठी लाटेच्या माथ्यावर निदान ३० सेंमी मोकळी जागा ठेवायचा दंडक आहे. तो धरला आणि समुद्राची ०.४ मीटर वाढ मिळवली तर कड ४.९६ वर हवी.

लाट लागली की काय होतं? अमेरिकेतच २००४ मध्ये आयव्हन वादळात पेन्साकोलाजवळ एस्कॅम्बिया खाडीवरचा आणि २००५ मध्ये कॅट्रिनात पॉन्चरट्रेन सरोवरावरचा आय-१० महामार्गाचा पूल, दोन्हींचे गाळे उचलले जाऊन सरकले, कित्येक खाली पडले. दोन्हीकडे सुटे गाळे होते आणि ते मुख्यतः स्वतःच्या वजनावर टेकलेले होते. पॉन्चरट्रेनवर नवा पूल पाण्यापासून सुमारे ९ मीटर उंचीवर बांधला.

उचललं जाण्यात लाटेइतकाच हात अडकलेल्या हवेचा असतो. गर्डरच्या मधल्या कप्प्यांत हवा कोंडली जाते. २० मी लांब आणि ८.५ मी रुंद गाळ्यात कप्प्याची खोली १ मी धरली, गर्डरची जाडी वजा केली, तर जवळपास १५० घनमीटर हवा, म्हणजे १५० टनांचा उचल. असा गाळा साधारण २०० टनांचा असतो. वरून काँक्रीट स्वतः बुडालं की आणखी ८० टनांच्या आसपास वजन कमी होतं. गाळा तरंगायलाच लागला. मग लाटेला फक्त ढकलायचं काम उरतं.

जुना पूल लगेच बदलणं शक्य नसेल तर क्रमाने:

१. प्रत्येक कप्प्यात, आडव्या तुळयांच्या मधल्या प्रत्येक भागात, स्लॅबला १००–१५० मिमी व्यासाची हवेची भोकं. आधी स्कॅन करून सळ्या आणि ताणलेल्या केबल शोधा, त्या कापल्या तर रोगापेक्षा औषध भारी. भोकांनी संथ फुगवट्यात हवा निघते. लाटेचा धडाका मात्र त्यांनी जात नाही.

२. गाळा आडवा सरकू नये म्हणून खांबाच्या टोपीवर काँक्रीटचे अडथळे. हे स्वस्त आणि बहुतेक वेळा सुरक्षित.

३. गाळा खाली बांधून ठेवणं. इथे थांबा. बांधला की उचल खांबातून पाइलमध्ये (जमिनीत खोल गेलेल्या पायाच्या खांबांत) जातो, आणि जुने पाइल दाब घेण्यासाठी केलेले असतात, ओढ घेण्यासाठी नाहीत. वर गाळा सरकला तर तो परत बसवता येतो. पाइल उपटला गेला तर पूलच गेला. पाइलची ओढ-क्षमता मोजल्याशिवाय बांधू नका.

४. पाण्याच्या पाइपलाइन आणि वीज-केबल समुद्राकडच्या बाजूला लटकवल्या असतील तर जमिनीकडे हलवा.

पूल उभा आणि दोन्हीकडचा जोडभराव गायब, हे तर पूल पडण्यापेक्षाही जास्त दिसतं. टोकाच्या भिंतीमागे निदान १५–२० मीटर लांबीत दोन्ही उतारांवर पिचिंग आणि भिंतीच्या पंखांना पुरेशी लांबी द्या. गाळ्यांच्या उंचीवर तासन्‌तास बैठका होतात आणि या भरावाला नकाशात जेमतेम एक ओळ मिळते.

आणि खाडीत नांगरलेल्या बोटी, तराफे. जपानमध्ये २०१८ च्या जेबी वादळात एक टँकर नांगरासकट ओढला जाऊन कान्साई विमानतळाच्या पुलावर आदळला, आणि त्या बेटाला जोडणारा पूल तेवढा एकच होता. वादळाच्या इशाऱ्यासोबत पुलाच्या वाऱ्याकडची बाजू रिकामी करायचा नियम लेखी हवा. बोटी कुठे न्यायच्या ती जागाही आधी ठरलेली हवी.

नव्या पुलात लाटांचे शिंतोडे सतत उडतात तो पट्टा गंजाला सर्वांत बळी पडतो. तिथे ७५ मिमी आवरण, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या आत, आणि राख किंवा झोतभट्टीची मळी मिसळलेलं सिमेंट.

---

वाहतूक_नियोजन

बाहेर काढण्याच्या वेळेबद्दल. घड्याळ वादळ किनाऱ्याला लागण्याच्या क्षणापासून उलटं मोजतात. ते चुकीचं आहे. ते वाट बंद होण्याच्या क्षणापासून मोजायचं. तुमचा माथा २.४, उधाण १.६, म्हणजे फुगवटा फक्त ०.८ मीटर झाला की भरतीच्या वेळी खाजणाचा तुकडा गेला. हे वादळ पोहोचण्याच्या कित्येक तास आधी होऊ शकतं. दुसरा शेवट वाऱ्याचा: सलग वारा ताशी ६० किमीच्या पुढे गेला की बस आणि उंच वाहनं उघड्या पुलावर नेता येत नाहीत. या दोन्हींपैकी जे आधी, तो शून्य तास.

आता किती जणांना हलवायचं? सगळ्या ३०,००० ना नाही. पुराच्या पट्ट्यातले आणि कच्च्या घरांतले. ते १५,००० धरू. ६,००० जण स्वतःच्या वाहनाने, वाहनामागे तिघं, म्हणजे २,००० वाहनं. एका मार्गिकेतून गर्दीत ताशी ९०० जरी गेली तरी सव्वादोन तासांत संपलं. उरलेले ९,००० बसने. बसमध्ये ५०, म्हणजे १८० फेऱ्या. २० बस असतील तर प्रत्येकीच्या ९ फेऱ्या. लांबच्या शहरात नेत असाल आणि जाऊन-येऊन दीड तास लागत असेल तर साडेतेरा तास. ५ किमीच्या आत, उंच जागी पक्का निवारा असेल आणि फेरी ४० मिनिटांची असेल तर सहा तास.

म्हणजे अडचण रस्त्याच्या रुंदीची नाही, फेरीच्या लांबीची आहे. रस्ता चौपदरी करण्यापेक्षा जवळचे तीन निवारे जास्त माणसं वाचवतील. शाळा किंवा सभागृह निवारा म्हणून धरणार असाल तर तळमजला हिशेबात धरू नका. जनित्र आणि पाण्याची टाकी पुराच्या पातळीच्या वर असू दे, आणि छताचं नांगरण तपासा.

२००५ मध्ये टेक्सासमध्ये रिटा वादळाच्या वेळी उलट झालं. ज्यांना निघायची गरज नव्हती तेही लाखोंनी निघाले, दोन्ही बाजू एकाच दिशेने सोडायचा निर्णय उशिरा झाला, आणि वादळापेक्षा बाहेर पडण्यात जास्त माणसं गेली. म्हणून आदेश वस्तीनिहाय आणि टप्प्याने द्या. सगळ्यात आधी ज्यांना चालता येत नाही ते आणि रुग्णालयं, मग खाजणापलीकडच्या वस्त्या, मग बाकी.

डोंगरातली वाट एकेरी आहे. दर २००–३०० मीटरवर बसला बस ओलांडेल अशी रुंद केलेली जागा, आणि आदेशानंतर ठरावीक वेळ फक्त वर जाणारी वाहतूक. मुसळधार पावसात तिच्यावर दरड येऊ शकते, म्हणजे दोन्ही वाटा एकाच वादळात बंद होऊ शकतात. नकाशावर दोन रेषा दिसतात म्हणून दोन पर्याय आहेत असं समजू नका. इंग्लंडमधल्या डॉलिशची समुद्रभिंत फेब्रुवारी २०१४ मध्ये फुटून रूळ अधांतरी लटकले, आणि कॉर्नवॉलकडे दुसरा रूळमार्ग नसल्यामुळे सगळा भाग दोन महिने उरलेल्या देशाशी रेल्वेने तुटलेला राहिला. दरडीच्या उतारावरचे नाले, गटारं आणि अरुंद वळणं यांवरचा खर्च हा किनारी रस्त्याच्या सुरक्षेवरचाच खर्च धरा.

बंद कधी करायचा याचा नियम ‘पाणी दिसलं की’ असा नको. लहान मोटार स्थिर पाण्यात ३० सेंमीला तरंगू लागते. वाहत्या पाण्यात खोली गुणिले वेग ०.३ वर पोहोचला (मीटर आणि सेकंदात) की तीच धोक्याची. म्हणजे १५ सेंमी पाणी सेकंदाला २ मीटरने वाहत असेल तरी बंद. मोठ्या माणसासाठी ०.६, मुलांसाठी ०.४. फाटक सखल तुकड्याच्या तोंडाशी नको, शेवटच्या वळायच्या जागेवर लावा. नाहीतर बस फाटकापाशी येऊन अडकते आणि मागच्या सगळ्यांना अडकवते.

पाणी ओसरल्यावर लगेच जड ट्रक सोडू नका. खडी-मुरुमाचे थर ओले असताना त्यांची ताकद बरीच घटलेली असते, आणि पुराने न फुटलेला रस्ता मदतीच्या ट्रकांनी फुटतो. आधी हलकी वाहनं, मग लचक-चाचणी (भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजणं), मग जड.

---

किनारा_आराखडा (धागाकर्ता)

खूप आभार. आडव्या बांधाचं खरं आहे, तो १.९ मीटरचा मातीचा शेतबांध आहे आणि दोन ठिकाणी फुटलेला. दोन प्रश्न. वस्तीचा १.२ किमी बांध झाल्यावर मागच्या ४० हेक्टरांत बांधकाम वाढणार, त्याला काय करायचं? आणि मोऱ्यांना साधी लटकती झडप पुरते का?

---

खाजणकाठ

पहिल्याचं मी सांगतो. बांध झाला की मागची जमीन ‘सुरक्षित’ म्हणून विकली जाते. दहा वर्षांनी तिथे दुप्पट माणसं, दुप्पट मालमत्ता, आणि बांध तोच. त्यामुळे बांध मंजूर करणाऱ्या ठरावातच तीन गोष्टी घाला: साठवण तळ्याची जागा कायमची मोकळी, नव्या इमारतीचा जोता ३.४ मीटरच्या वर (३.० अधिक ०.४), आणि रुग्णालय, वीज-उपकेंद्र, अग्निशमन यांपैकी काहीही नवं त्या ४० हेक्टरांत नाही. बांध झाल्यावर हे नियम कुणी आणत नाही.

पुढे कधी हलायचं तेही आजच लिहून ठेवा. लंडनच्या थेम्स खाडीचा २०१२ चा आराखडा असाच आहे. ठरावीक खुणेपर्यंत पाणी पोहोचलं की पुढचा टप्पा. तुमच्यासाठी खूण सोपी ठेवा: खाजणाचा तुकडा वर्षाला किती दिवस बंद होता. १० दिवस झाले की नव्या मार्गाचं भूसंपादन सुरू. खूण ठरवताना कामाला लागणारा वेळ वजा करा. भूसंपादन आणि बांधकामाला १२ वर्षं लागणार असतील, तर सोसवेनासं होण्याआधी १२ वर्षं दिसणारी खूण हवी. वस्ती हलवायची वेळ आलीच तर गाव तुकड्यांत हलवू नका. फिजीतलं वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये आपल्याच जमिनीवर सुमारे २ किमी आत हललं, सगळं एकत्र.

खाजणाच्या २ किमीसमोर खारफुटी आहे का? १०० मीटर रुंद पट्ट्यात लाटांची उंची १३ ते ६६ टक्के कमी झाल्याच्या नोंदी आहेत. पण ती लाटांची. फुगवट्याची पातळी कमी व्हायला किलोमीटरच्या हिशेबात रुंदी लागते, म्हणून पट्टा लावून माथा कमी करता येत नाही, दगडाचं वजन कमी करता येतं. आणि रोपं चिखलात मिळेल तिथे लावू नका. सरासरी समुद्रपातळी ते उधाणाची भरती एवढ्याच पट्ट्यात ती जगतात. फुटलेल्या बांधामुळे पाणी तुंबलेलं असेल तर आधी भरतीची ये-जा नीट करा. बियाणं जवळ असेल तर खारफुटी स्वतःच येते.

---

उघाडी_आणि_मोरी

झडपेबद्दल. लटकती झडप स्वस्त, वीज लागत नाही, पण एक फांदी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली की ती अर्धी उघडी राहते, आणि ते नेमकं वादळाच्या रात्री कळतं. म्हणून दुहेरी व्यवस्था करा: समुद्राकडे लटकती झडप, आणि बांधाच्या माथ्यावरून हाताने फिरवता येईल अशी सरकती फळी. फळीची चावी पंपघरात नको, जवळच्या दोन घरांत.

जड ओतीव लोखंडी झडप उघडायला आतल्या पाण्याचा जास्त दाब लागतो आणि सपाट भूभागात तो दाब मिळत नाही. हलक्या प्लास्टिकच्या झडपेचा बिजागर-दांडा गंजरोधक पोलादाचा घ्या, साधा दांडा खाऱ्या पाण्यात जाम होतो. झडपेच्या पुढे गाळ साचतो आणि ती खालून उघडत नाही, म्हणून तिच्या पुढचं तळ झडपेच्या कडेपेक्षा निदान ३० सेंमी खाली ठेवा आणि पावसाळ्याआधी उपसा. आतल्या बाजूला कचराजाळी ठेवायची असेल तर सळ्यांत १०० मिमी अंतर, उतार ६० अंश, वर उभं राहून दाताळ्याने ओढता येईल असा. उभी जाळी लावली की एका पावसात ती भिंत होते.

प्रत्येक उधाणाला, वर्षभर, ओहोटीच्या वेळी झडप हाताने उघडून बघायची आणि वहीत नोंद करायची. पंपाचं पॅनेल ३.९ च्या वर चढवा, आणि डिझेलची टाकी नांगरा. रिकामी टाकी तरंगते.